क्रिप्टो कार्ड, ‘टॅक्स’ आणि आपले पैसे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे कार्यालय कोल्हापुरात राजारामपुरीत आहे. विवरणपत्रे, जीएसटी, छोट्या कारखान्यांचे हिशेब हे आमचे रोजचे काम. क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी चलनात, पैसे घालावेत की नाही, हे आम्ही कुणाला सांगत नाही. तरीही हे पत्रक काढावे लागले, कारण गेल्या हंगामात क्रिप्टो कार्डाबद्दल (क्रिप्टो भरून डेबिट कार्डासारखे वापरायचे कार्ड) आमचेच ग्राहक एकापाठोपाठ एक येऊन जवळजवळ एकाच शब्दांत विचारू लागले, “साहेब, कार्डातलं पैसं काढायचं हायत, आधी टॅक्स भरा म्हणत्यात. तेवढा भरून द्या की.”

पहिल्यांदा हे विचारणारे ग्राहक उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून त्यांनी एक ॲप घेतले. त्यात काळ्या रंगाच्या कार्डाचे चित्र, त्यावर त्यांचे नाव, खाली शिल्लक. कार्ड चालू करायला 100 यूएसडीटी भरा, मग हे कार्ड जगात कुठेही चालेल, असे सांगितले होते. यूएसडीटी म्हणजे एका डॉलरच्या किमतीला बांधलेले क्रिप्टो नाणे. त्यांनी भरले. आठवड्याभरात ‘नफा’ दिसू लागला. खात्री करावी म्हणून त्यांनी थोडी रक्कम काढायला टाकली, तर 1,700 रुपये खरोखरच बँकेत आले. तिथेच त्यांचा विश्वास बसला. घरात न सांगता भिशी उचलली आणि एकूण 85 हजार रुपये त्या ॲपमध्ये गेले.

आमच्याकडे आले तेव्हा मोबाईलवर 6,240 डॉलर दिसत होते. खाली लाल अक्षरांत सूचना होती : भारतीय कायद्याप्रमाणे 30 टक्के कर, म्हणजे 1,872 डॉलर, 48 तासांत भरा, नाहीतर खाते गोठवले जाईल. सोबत एका वॉलेटचा, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटाचा, पत्ता. आम्ही त्यांना भरू दिले नाही. भरायला पैसे उरलेही नव्हते. बायकोचे गंठण गहाण ठेवायचे त्यांच्या मनात होते आणि ते पिशवीतून सोबत घेऊनच आले होते.

हा 30 टक्क्यांचा आकडा खरा आहे, म्हणून तर माणूस फसतो. क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, वर अधिभार आणि उपकर. 1 जुलै 2022 पासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएसही (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला जातो. पण हा कर भरला कसा जातो ते नीट पाहा. नफ्यावरचा कर तुम्ही स्वतः, तुमच्या पॅनवर, आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून, रुपयांत भरता. त्याचे चलन निघते, त्यावर बँकेचा बीएसआर कोड (शाखेचा ओळख क्रमांक) आणि चलन क्रमांक असतो. टीडीएस तर तुमच्या रकमेतूनच कापून उरलेले पैसे तुम्हाला देतात, आणि ती कपात तुमच्या पॅनखाली वार्षिक माहिती विवरणात दिसते. तो आधी भरा, मग तुमचे पैसे देतो, असे कुठलीही खरी कंपनी म्हणत नाही. आयकर खाते यूएसडीटी घेत नाही. आणि कर बसतो तो नफ्यावर, कार्डात दिसणाऱ्या सगळ्या शिलकीवर नव्हे. आमचे हे रोजचे काम असल्यामुळे ही गोष्ट आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो : वॉलेटच्या पत्त्यावर मागितलेला ‘कर’ हा कर नसतो.

‘टॅक्स’ऐवजी कधी ‘केवायसी डिपॉझिट’ म्हणतात, कधी ‘नेटवर्क फी’, कधी ‘मनी लाँडरिंग क्लिअरन्स’. एक भरले की दुसरे निघते.

त्या 1,700 रुपयांचेही ऐका. ते कुठल्याही कंपनीकडून आले नव्हते, एका अनोळखी माणसाच्या यूपीआयवरून आले होते. अशी रक्कम बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतली असते. पुढे त्या माणसाने तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ती रक्कम, कधी सगळे खातेच, रोखून ठेवते. या ग्राहकांचा पगार ज्या खात्यात जमा होतो तेच खाते दोन महिन्यांनी अडकले. आमिषाचे 1,700 रुपये त्यांना किती महाग पडले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ओळखी-पाळखीशिवाय, ‘पी टू पी’ने, म्हणजे थेट एका माणसाकडून दुसऱ्याला, यूएसडीटी विकणाऱ्यांवरही हीच वेळ येते.

कार्ड हातात आले तरी

हुपरीच्या एका चांदी कारागिराला तर कुरिअरने खरेखुरे धातूचे कार्ड आले. वजनदार, कडेला पॉलिश, कोपऱ्यात व्हिसाचे चिन्ह. पेट्रोल पंपावर दिले तेव्हा मशीनने ‘इनव्हॅलिड कार्ड’ दाखवले. ॲपवरचा माणूस म्हणाला, अजून 200 डॉलर टाका म्हणजे सुरू होईल. ते कार्ड आम्ही टेबलावर ठेवून पाहिले. नंबर 7 ने सुरू होत होता. व्हिसाचे नंबर 4 ने सुरू होतात, मास्टरकार्डचे 5 किंवा 2 ने. मागे फक्त ॲपचे नाव, बँकेचे कुठेच नाही. गुजरीत दागिना हातात घेतल्यावर सराफ आधी कस लावतो, चकाकीवर जात नाही. आयुष्य चांदीत घालवलेला हा माणूस पाठीमागचा मजकूर वाचायला विसरला, याचे त्याला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटत होते.

पहिला आकडा बरोबर असला म्हणजे कार्ड खरे, असे मात्र समजू नका. छापणारा काहीही छापू शकतो. कळीची गोष्ट एकच : व्हिसा किंवा मास्टरकार्ड स्वतः तुम्हाला कार्ड देत नाहीत, ते देते त्यांची सदस्य बँक किंवा परवाना असलेली संस्था. तिचे नाव कार्डावर किंवा अटींमध्ये असते. ते नाव शोधा, त्या संस्थेचा नंबर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या (ॲपमधून नको) आणि विचारा, या नावाचे कार्ड तुम्ही देता का. नाव सापडत नसेल तर पुढे जाऊ नका. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रीपेड कार्डात रक्कम रुपयांतच भरता येते. त्यामुळे ‘भारतीय कार्ड, थेट क्रिप्टोने भरा’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा.

हे खोटे मोठ्या प्रमाणावरही झाले आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या सेंट्रा टेक नावाच्या कंपनीने व्हिसा आणि मास्टरकार्डचे पाठबळ असलेले क्रिप्टो कार्ड आणतो, असे सांगून लोकांकडून अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. तसे पाठबळ नव्हतेच. संकेतस्थळावर दाखवलेला मुख्य अधिकारी नावाचा माणूसच अस्तित्वात नव्हता. जाहिरात करणाऱ्यांत फ्लॉइड मेवेदरसारखा जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा होता. संस्थापकांपैकी एकाला 2021 मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा रीलमध्ये कोण नट कार्ड दाखवतो, त्याला काही अर्थ नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बंद पडलेले प्रत्येक कार्ड फसवणूक नसते. जानेवारी 2018 मध्ये व्हिसाने जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या संस्थेचे सदस्यत्व काढले आणि तिच्या आधारावर चालणारी अनेक क्रिप्टो कंपन्यांची कार्डे एका झटक्यात बंद झाली. जून 2020 मध्ये जर्मनीची वायरकार्ड कंपनी बुडाली तेव्हाही ब्रिटनच्या नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचे काम थांबवले आणि लोकांची कार्डे काही दिवस अडकली, मग पुन्हा चालू झाली. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाने दिलेले असे एखादे कार्ड चालत नसेल तर आधी कंपनीची अधिकृत सूचना वाचा. फरक ओळखायचा तो असा की खरी कंपनी अडचणीत आली तरी तुमच्याकडे आणखी पैसे मागत नाही.

कार्ड वॉलेटला जोडण्यासाठी 12 किंवा 24 इंग्रजी शब्द मागितले तर देऊ नका. ते शब्द म्हणजे तिजोरीची किल्लीच.

पैसे गेले असतील तर

लाजून दिवस घालवू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे बँकेतून ज्या खात्यात गेले तिथे ते अजून असतील तर रोखले जाऊ शकतात. म्हणून तासातासाला किंमत आहे. तुमच्या बँकेलाही लेखी कळवा. एकदा यूएसडीटी होऊन वॉलेटमधून गेले की तो व्यवहार उलटवता येत नाही, पण त्याचा माग राहतो. त्यासाठी व्यवहाराचा आयडी आणि समोरच्या वॉलेटचा पूर्ण पत्ता लागतो. ट्रॉन नेटवर्कवरचा (यूएसडीटी पाठवायचे एक जाळे) पत्ता ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. स्क्रीनशॉट घ्याच, पण पत्ता अक्षर-अक्षर कॉपी करूनही ठेवा. चॅट पुसू नका, ॲप काढू नका, ग्रुप सोडू नका. आमच्या एका ग्राहकाच्या मुलाने रागाच्या भरात सगळे डिलीट केले आणि तक्रारीत लिहायला फक्त एक टोपणनाव उरले. नंतर जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जाताना बँकेचे विवरण आणि हे सगळे कागद सोबत न्या.

तक्रारीनंतर काही दिवसांनी कुणीतरी फोन करील : तुमचे क्रिप्टो सापडले आहे, 10 टक्के भरा, परत मिळवून देतो. कधी वकील म्हणून, कधी ‘सायबर सेल’ म्हणून. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि त्याच माणसाला पुन्हा गाठले जाते. लेथवाल्या ग्राहकांना असे तीन फोन आले.

विवरणपत्राबद्दल बऱ्याच जणांनी विचारले. क्रिप्टोतला तोटा पगारातून किंवा धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षांतही ओढता येत नाही. पण यूएसडीटी विकत घेताना एखाद्या एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारावर) व्यवहार झाले असतील, तर ते दाखवावे लागतात. फसलो म्हणून ते लपवू नका. नोटीस आली की दुहेरी त्रास होतो. तक्रारीची पोचपावती आम्हाला द्या, आम्ही ती तुमच्या फाईलला लावून ठेवू.

आणि असा काही मेसेज आला असेल तर भरण्याआधी मोबाईल घेऊन या. सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 7. मेसेज वाचून सांगायला आम्ही पैसे घेत नाही, आणि घरच्यांना कळवायचे की नाही हे तुमच्यावरच सोडतो. पोर्टलवर तक्रार भरताना अडलात तर आमच्याच टेबलावर बसून भरू.