नऊ महिने नऊ दिवस आणि १९ फेब्रुवारी

२१ जानेवारी २०२५ ची सकाळ. पुण्यात माझ्या मावसबहिणीकडे परातीत डिंक पसरलेला होता आणि ती त्यातला कचरा निवडत होती. मुलगी न्यू जर्सीत, एडिसनला. डॉक्टरांनी १४ मार्च तारीख दिलेली, हिचं विमानाचं तिकीट १ मार्चचं. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिकडे आदल्या दिवशीची रात्र होती.

"आई, सिझर करून घेऊ का गं? १९ फेब्रुवारीच्या आत."

१९ फेब्रुवारी म्हणजे शिवजयंती. बहिणीला वाटलं, जावयाच्या डोक्यात मुहूर्ताचं खूळ शिरलं. आपल्याकडे ते नवीन नाही. पितृपक्ष टाळून, अमावास्या टाळून, पंचांगात वेळ काढून सिझरची तारीख मागणारी घरं प्रत्येक प्रसूतिगृहाला ठाऊक असतात. "अगं, आठवा चाललाय तुला अजून," एवढंच ती म्हणाली. मुहूर्त खरोखरच काढलेला होता, पण तो वॉशिंग्टनमध्ये.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारीला, शपथ घेतली त्याच दिवशी, एका आदेशावर सही केली. आई अमेरिकेत बेकायदा असेल, किंवा कायदेशीर असूनही तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानायचं नाही. आदेश लागू होणार तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या बाळांना. ते तीस दिवस १९ तारखेला संपतात की २० तारखेच्या पहाटेपासून मोजायचे, यावरही व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये खल चालू होता. बातम्या आल्या त्या न्यू जर्सी आणि टेक्सासमधून: भारतीय जोडपी डॉक्टरांना फोन करून मुदतीच्या आत सिझर होईल का, असं विचारत होती. काही बायका आठव्या-नवव्या महिन्यात होत्या, एकीला तर सातवाच चालू होता.

इथल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पासपोर्टसाठी पोटच्या पोराचा जीव टांगणीला लावतात, वगैरे. मला ते फार सोपं वाटतं. एडिसनमधल्या एका शिकल्यासवरल्या मुलीवर असा प्रश्न विचारायची वेळ का आली, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

जन्मभूमीवरून नागरिकत्व हे अमेरिकेत यादवी युद्धातून आलं. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकन गुलामांच्या वंशजांना नागरिकच मानायला नकार दिला होता. युद्धानंतर, १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि ते पुसलं गेलं: अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. आजचं सगळं भांडण 'अधिकारक्षेत्राखाली' या शब्दाभोवती आहे.

ते भांडण लढला वाँग किम आर्क. जन्म सॅन फ्रान्सिस्कोत, १८७३ चा, आई-वडील चिनी. १८९५ मध्ये चीनहून परतताना त्याला बंदरावरच अडवलं. तू चिनी, तुला आत यायचा हक्क नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च १८९८ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी तो जिंकला. परदेशी वकिलातीतल्या लोकांची मुलं असे मोजके अपवाद सोडले तर इथे जन्मलेला इथला, मग आई-बाप कुठलेही असोत. त्याच्या आई-बापांना मात्र नागरिक होण्याची सोय कायद्यात नव्हती.

मुलाला आहे, आई-बापांना नाही, ही गाठ तेव्हापासूनची. भारतीयांच्या वाट्यालाही ती आली. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं तेव्हा कायद्याची अट होती गोऱ्या वर्णाची. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियात तर नागरिक होण्यास अपात्र असणाऱ्यांना शेतजमीन घेता येत नव्हती. तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती, त्यांना मुलं झाली, आणि मुलं जन्माने अमेरिकन. मग काहींनी जमीन मुलांच्या नावावर केली. पाळण्यातलं पोर सातबाऱ्यावर आणि बाप त्याच शेतात राबणारा! १९४६ मध्ये कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं, तेही वर्षाला शंभर जणांना प्रवेश देऊन.

(जन्मभूमीवरून नागरिकत्व हा नियम जगभर चालतो असं मात्र नाही. आपल्याकडेही १९५५ च्या कायद्यात भारतात जन्म एवढं पुरेसं होतं. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक भारतीय असणं लागतं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसणंही. अमेरिकेवर बोट ठेवताना आपण हे सहसा विसरतो.)

आता एडिसनच्या जोडप्याकडे येऊ. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, ती त्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या एच-फोरवर. दोघं पूर्ण कायदेशीर, कर भरणारे. एच-वन-बी हा प्रकार १९९० च्या कायद्याने आला. त्याच कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला एक लाख चाळीस हजार ठरवली, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सातच टक्के. आइसलँडलाही सात, भारतालाही सात. परिणाम असा की फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीयांच्या उच्चशिक्षितांच्या रांगेत नंबर लागत होता तो २०१२ साली अर्ज केलेल्यांचा. आज रांगेत उभा राहणारा निवृत्त होईपर्यंत तिथेच असेल, हा विनोद तिकडे प्रत्येक गणपतीच्या आरतीनंतर ऐकू येतो आणि त्यावर कोणी हसत नाही.

या घरात आणखी एक गुंता. मोठा मुलगा पुण्यात जन्मलेला, २०१८ चा, आईसारखाच एच-फोरवर. तो एकवीस वर्षांचा झाला की आई-बापांच्या व्हिसावर राहता येणार नाही. विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर निघायचं. धाकट्या बाळाला हे काही नसतं, कारण ते एडिसनचं. मूल अमेरिकन झालं की आई-बापांनाही लगेच ग्रीन कार्ड मिळतं ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत त्याला त्यांच्यासाठी अर्जच करता येत नाही. पण निदान एका पोराचा कागद पक्का असावा, हे वाटणं मला कळतं. आदेशाने तेवढंच काढून घेतलं होतं. बाळ देशाविना राहिलं नसतं, वर्षाच्या आत वकिलातीत नोंद केली की ते भारतीय. पण अमेरिकेत त्याने कुठल्या दर्जावर राहायचं, हे त्या आदेशात लिहिलेलंच नव्हतं.

ही झाली कागदांची तारीख. पोटातल्या तारखेचा इतिहास वेगळा.

आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या डॉक्टरच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून जो हिशेब चालतो तो म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, अर्थात दोनशे ऐंशी दिवस, चाळीस आठवडे. आपल्या आज्यांशी त्याचा फरक दोन दिवसांचा. पुढे 'दिवस भरले' कधी म्हणायचं याची रेघ सदतिसाव्या आठवड्यावर आखली गेली, आणि कित्येक दशकं सदतीस ते बेचाळीस हा एकच गठ्ठा मानला गेला. सिझर सुरक्षित होत गेलं तसं मग अडतिसाव्यात करा की सदतिसाव्यात, डॉक्टरच्या आणि घरच्यांच्या सोयीने, असं होऊ लागलं.

तो गठ्ठा सुटा केला फुफ्फुसांनी. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू होतात तेव्हा बाळाच्या शरीरात जी संप्रेरकं वाढतात, ती हा द्रव शोषून घ्यायला लावतात. कळा न येताच बाळ बाहेर काढलं की हे काम अर्धवट राहतं, आणि पहिले काही तास किंवा दिवस त्याला धाप लागते. जितकं लवकर काढाल तितकं जास्त. २००९ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सिझर झालेल्या आणि पुन्हा ठरवून सिझर केलेल्या १३,२५८ बायकांचा. त्यातल्या तिघींपैकी एकीपेक्षा जास्त जणींचं ऑपरेशन एकोणचाळीस आठवड्यांच्या आधी झालं होतं. श्वासाचा त्रास, साखर उतरणं, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभाग असं सगळं धरून सदतिसाव्या आठवड्यातल्या १५.३ टक्के बाळांना काही ना काही झालं, अडतिसाव्यात ११ टक्के, एकोणचाळिसाव्यात ८. सगळीच 'दिवस भरलेली' बाळं.

२०१३ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने शब्दच बदलले: सदतीस-अडतीस म्हणजे दिवस नुकते भरत आलेले, एकोणचाळीस-चाळीस म्हणजे पूर्ण भरलेले. तोवर अनेक रुग्णालयांनी वैद्यकीय कारणाशिवाय एकोणचाळीसच्या आत सिझरची वेळ द्यायचीच नाही असा नियम केला होता. टेक्सासने २०११ पासून गरिबांच्या सरकारी विम्यातून अशा प्रसूतीचे पैसे देणं बंद केलं. म्हणजे फोन जिथून गेले त्यांतल्या एका राज्यात दार आधीपासून बंद होत आलेलं होतं.

एडिसनच्या मुलीचा हिशेब तिच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरच मांडला. १९ फेब्रुवारीला छत्तीस आठवडे पाच दिवस. नुकते भरत आलेलेही नाहीत, सरळ अपुऱ्या दिवसांचं बाळ. फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं (१९७२ मध्ये ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलेलं), पण ते नाइलाजाने लवकर होणाऱ्या प्रसूतीसाठी. मुद्दाम घाई करायचा तो परवाना नाही. शिवाय पहिली प्रसूती नॉर्मल झालेली, आता विनाकारण गर्भाशयावर व्रण, म्हणजे पुढच्या वेळी वार (प्लासेंटा) व्रणात रुतण्याची भीती. बाईंनी नाही म्हटलं. वेगळा सल्ला मिळतो का म्हणून आणखी दोन ठिकाणी फोन झाले, तिथूनही तेच.

सरकारी तारखेने बाळंतपणं सरकतात हे ऑस्ट्रेलियात मोजलेलं आहे. मे २००४ मध्ये जाहीर झालं की १ जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे तीन हजार डॉलर. जोशुआ गन्स आणि अँड्र्यू ली या अर्थतज्ज्ञांनी जन्मनोंदी तपासल्या. हजारावर बाळंतपणं जूनमधून जुलैत ढकलली गेली होती, आणि १ जुलैला गेल्या तीस वर्षांतल्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त मुलं जन्मली. तिथे निदान ढकलणं पुढे होतं. पोटात चार दिवस जास्त राहिलेल्या बाळाचं आणि तीन आठवडे आधी काढलेल्या बाळाचं गणित एक नाही.

एक अवांतर. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियात, एडिसनहून मोटारीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं, तेव्हा जन्म नको, असं आपले आयुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. बहिणीच्या तोंडून फोनवर निघालेलं "आठवा चाललाय" हे तिथून चालत आलेलं वाक्य.

आदेशाला पहिला लगाम सिएटलमध्ये बसला. २३ जानेवारीला न्यायाधीश जॉन कफनर यांनी तो उघडउघड घटनाबाह्य आहे असं म्हणून तात्पुरता थांबवला. ५ फेब्रुवारीला मेरीलँडमधल्या न्यायालयाने आणि लगोलग पुन्हा सिएटलने देशभरासाठी स्थगिती दिली. म्हणजे १९ फेब्रुवारी आली आणि गेली, काहीच लागू झालं नाही. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा देशव्यापी स्थगित्यांचे पंख कापले. जुलैत न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने सगळ्या बाळांचा मिळून एक गट मानून आदेश पुन्हा रोखला. डिसेंबर २०२५ मध्ये मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला. १८९८ चा निकाल आहे तसा राहतो का, हा तो प्रश्न.

बहीण १ मार्चला डिंकाच्या लाडवांचे दोन डबे घेऊन पोचली. ११ मार्चला पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारी मुलगी झाली, नॉर्मल. एकोणचाळीस आठवडे चार दिवस. उन्हाळ्यात तिचा पासपोर्ट आला तेव्हा मोठ्या भावाने स्वतःचा आणून शेजारी ठेवला. भारताचाही गडद निळा, अमेरिकेचाही गडद निळा. "सेम आहेत," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही उघडले आणि विचारलं, माझ्यात हे व्हिसाचं पान आहे, तिच्यात का नाही?