गाडी ‘मोकळी’ होते ती नेमकी कुठे?

नाशिकमध्ये द्वारका किंवा मुंबई नाक्याकडच्या एखाद्या गॅरेजवर घटकाभर बसलं की हे वाक्य हमखास कानावर येतं: “नवा प्लग टाकला आणि गाडी एकदम मोकळी झाली.” प्लगच्या जागी एअर फिल्टर घाला, सायलेन्सर घाला, नाहीतर पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला फरक खरोखर जाणवलेला असतो. या जाणवण्याचा इतिहास मात्र गाड्यांपेक्षा जुना आहे.

1796 साली एलिशा पर्किन्स या अमेरिकन डॉक्टरांनी धातूच्या दोन टोकदार सळ्यांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून सळ्या फिरवल्या की वेदना ओढली जाते, असा दावा. सळ्या इंग्लंडातही खपल्या. 1799 मध्ये बाथच्या डॉ. जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या सळ्या रंगवून हुबेहूब तशाच दिसतील अशा केल्या आणि पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला! दुसऱ्या दिवशी खऱ्या सळ्या वापरल्या, तरी निकाल तोच. पुढे 1955 मध्ये अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांच्या लेखामुळे ‘प्लासिबो’ची, म्हणजे औषध नसलेल्या गोष्टीनेही आराम वाटण्याची, चर्चा वैद्यकात जोरात सुरू झाली. त्या लेखातल्या आकड्यांवर नंतर टीकाही बरीच झाली.

गाड्यांच्या बाबतीत हेगार्थचं काम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने केलं. पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून जास्त उपकरणं तिने तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही निघालं नाही.

मग आपल्या माणसाला अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसतं कसं? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर. टाकी फुल्ल करून मुंबईला निघालात की पुढे कसारा घाटाचा उतार, त्यामुळे त्या टाकीचा हिशेब देखणाच येणार. दिवाळीत बसवलेल्या फिल्टरला डिसेंबरची थंडीही हातभार लावते: गार हवा दाट असते, इंजिनला ऑक्सिजन जास्त मिळतो, त्यामुळे अ‍ॅव्हरेज नाही तरी ताकद जराशी वाढते आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. शिवाय पार्ट बसवता बसवता मेकॅनिक टायरची हवा बघतो, चेन ताणतो, ऑइल बदलतो. श्रेय जातं खोक्यातून काढलेल्या पार्टला. आणि पैसे मोजलेला माणूस पुढचा महिनाभर अ‍ॅक्सिलरेटर जपून पिळतो, म्हणजे थोडं पेट्रोल खरंच वाचतं. गंमत तीच.

पिकअपचं प्रकरण बरचसं कानाशी आहे. 100 सीसीच्या बाइकची ताकद साधारण 8 हॉर्सपॉवर. ती पाच टक्क्यांनी वाढली असं धरलं तरी अर्धासुद्धा हॉर्सपॉवर होत नाही. मागे बसलेला मित्र उतरला तर याहून जास्त फरक पडेल. पण सायलेन्सर गरजला की वेग वाढल्यासारखा वाटतो.

हेगार्थची युक्ती इथेही चालेल. मालकाला न सांगता कधी जुना प्लग, कधी नवा. रस्ता तोच, जाऊन-येऊन. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजणारी माणसं संध्याकाळी स्वतःची गाडी मात्र सीटवर बसून मोजतात.