पटॉस्की की शार्लवॉय? षटकोनी जाळीच्या दगडांतला फरक

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या खालच्या द्वीपकल्पाच्या वायव्य भागात, लेक मिशिगनच्या काठावर षटकोनी जाळीचे राखाडी गोटे सापडतात. बरेच जण सरसकट सगळ्यांनाच ‘पटॉस्की स्टोन’ म्हणून मोकळे होतात. हे मला खटकतं, कारण त्यात प्रवाळांचे दोन निरनिराळे गट एकत्र होतात. १९६५ पासून मिशिगनचा राज्यदगड असलेला पटॉस्की म्हणजे हेक्झागोनारिया, रुगोज गटातलं प्रवाळ. शार्लवॉय स्टोन म्हणजे फॅव्होसायटिस, टॅब्युलेट गटातलं. दोन्ही डेव्होनियन काळातली, साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातली. पुढे हिमयुगात हिमनद्यांनी तो खडक उखडून गोटे दूरवर पसरवले.

गोटा कोरडा असला तर साध्या चुनखडीसारखा दिसतो, म्हणून आधी ओला करा. षटकोन दोन्हींत असतात, त्यामुळे ते पाहून काही ठरत नाही; एका खणाच्या आत पाहा. पटॉस्कीत मधोमध गडद ठिपका असतो आणि कडेपासून त्याच्याकडे दाट, बारीक रेषा येतात. हे सेप्टा, म्हणजे प्रवाळजीवाच्या मऊ शरीराला आधार देणारे उभे पडदे. शार्लवॉयमध्ये ते नसल्यात जमा असतात. खणही लहान, जेमतेम काही मिलिमीटरचे. गोटा थेट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो.

मला सर्वांत आवडते ती शार्लवॉयची बाजू. एकमेकींना चिकटलेल्या नळ्या आणि त्यांत थरावर थर आडवे पडदे, टॅब्युला. जीव वर वर सरकत गेला आणि खालचा मजला बंद करत गेला, हे तिथे सरळ दिसतं. भिंग लावलं तर नळ्यांच्या भिंतींत बारीक छिद्रंही दिसतात, आणि ती रुगोज प्रवाळात मिळत नाहीत. आडवे पडदे मात्र रुगोजमध्येही असतात, तेव्हा नुसत्या त्यांवरून निर्णय देऊ नका. पटॉस्की तिरका झिजला की नुसते पट्टे दिसतात. गोटा फिरवून आडवा छेद शोधा.

हे दोन्ही गट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटापर्यंत नष्ट झाले. आजची पाषाणप्रवाळं त्यानंतर, ट्रायासिक काळात दिसू लागतात.

दगड कॅल्साइटचा, म्हणजे मऊ; सँडपेपरने हातानेही छान चकाकतो. मिशिगन राज्य सरकारच्या जमिनीवरून वर्षाला माणशी २५ पौंडांपर्यंतच दगड नेता येतात, आणि स्लीपिंग बेअर ड्यून्स या राष्ट्रीय संरक्षित किनाऱ्यावर तर एकही उचलायची मनाई आहे.