मुलींचा फुटबॉल: 'पहिल्यांदाच पात्र' म्हणजे नेमकं काय?

५ जुलै २०२५ ला चियांग माईत आपल्या पोरींनी थायलंडला २-१ नी हरवलं आणि त्याच रात्री आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस, 'भारत पहिल्यांदाच आशिया कपला पात्र'. ग्रुपमधले एक रिटायर्ड काका, एरवी फक्त गुड मॉर्निंग टाकणारे, त्यांनी विचारलं, "मग १९८० ला कालिकतमधे बायका काय चेंडूफळी खेळत होत्या का ओ?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. खरं तर चूक एका शब्दाची आहे, पण त्या शब्दामागं पंचेचाळीस वर्षं आहेत.

लांबचं थोडक्यात सांगतो. इंग्लंडात १९२१ ला बायकांना मैदानं बंद केली ती १९७१ पर्यंत. आपल्याकडं बंदी कुणी घातली नाही, फक्त कुणी विचारलंच नाही. १९७५ ला बायकांसाठी वेगळी संघटना निघाली, पुरुषांच्या महासंघाशी संबंध नसलेली, आणि पाच वर्षांत त्यांनी थेट आशियाई स्पर्धाच, म्हणजे आजचा आशिया कप, कालिकतला भरवली. यजमान म्हणून भारताच्या दोन टीम उतरल्या, एस आणि एन, म्हणजे साऊथ आणि नॉर्थ. साऊथवाली फायनलला गेली आणि तैवानकडून २-० नी हरली. हे 'तैवान' जरा लक्षात ठेवा. १९८१ ला हाँगकाँगमधे तिसरा नंबर, १९८३ ला बँकॉकला परत फायनल, तिथं थायलंडनं हरवलं. आशियात दोनदा दुसरा नंबर! आणि आमच्याकडं शहापूर-अनगोळात कुणाला पत्ता नाही, कॅम्पातल्या जुन्या फुटबॉलवाल्यांना सोडून.

आता तो शब्द. त्या काळात पात्रता फेरी हा प्रकारच नव्हता, एंट्री द्यायची, पैसे गोळा करायचे आणि जायचं. ९० च्या दशकात आणि पुढं २००३ ला पण भारत खेळलाय. २०२२ ला यजमान म्हणून जागा आयतीच मिळालेली. म्हणजे पात्रता फेरी जिंकून जाणं हे २०२५ ला पहिल्यांदा झालं, एवढंच खरं. इंग्रजीत क्वालिफाय म्हटलं की काही बिघडत नाही, पण मराठीत 'पहिल्यांदाच पात्र ठरल्या' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं आधीच्या सगळ्या अपात्र होत्या, ग्रामपंचायतीचा मेंबर अपात्र ठरतो ना, तसं. मी स्वतः तेव्हापासून 'पात्रता फेरी पार केली' असंच लिहितो, लांब पडलं तरी चालतंय.

दुसरी बाजू पण आहे, ती सांगायला हवी. काहीजण म्हणतात जुनी स्पर्धा लहान होती, चीन १९८६ पर्यंत आलाच नव्हता, मग त्या रुप्याला किती भाव द्यायचा? मुद्दा अगदीच खोटा नाही. पण चीन आला नाही हा आपल्या पोरींचा दोष कसा की ओ? आलेल्यांना हरवूनच फायनल गाठली होती ना.

९० च्या सुरवातीला मुख्य महासंघानं बायकांचा फुटबॉल आपल्याकडं घेतला. कागदावर बरोबरच होतं, मान्यता आली, एकच छत्र झालं. पण वेगळी चूल मोडली आणि मोठ्या घरातली धाकटी सून झाली अशातली गत. १९९८ च्या एशियाडला चीननं १६-० नी धुतलं. २००९ ला तर दीड वर्षाहून जास्त एकही मॅच न खेळल्यामुळं जागतिक रँकिंगमधनं नावच काढून टाकलं! टीम हरली म्हणून नाही, खेळलीच नाही म्हणून. माझ्या मते सगळ्या इतिहासात सगळ्यात लाजिरवाणं हेच, पण यावर कुणी बोलत नाही. २०१० पासनं दक्षिण आशियाची स्पर्धा आपण २०१९ पर्यंत लागोपाठ पाच वेळा मारली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. मुलींची लीग सुरू व्हायला मात्र २०१७ उजाडलं, फायनल राउंड दिल्लीत, टीम फक्त सहा. होम-अवे मॅच, म्हणजे एक आपल्या मैदानावर आणि एक समोरच्याच्या, त्या तर २०२३-२४ पासनं.

बेळगावात हे सगळं जाणवलं ते २०२२ ला. जानेवारीत नवी मुंबईत आशिया कप, इराणशी ०-० आणि दुसऱ्या मॅचच्या दिवशी कोविडमुळं १३ पोरीसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत, स्पर्धेतनंच बाहेर. समोर कोण होतं माहिताय? तैवानच. मग ऑक्टोबरमधे १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप, दोन्ही सेमीफायनल मडगावला, २६ तारखेला, नेमका पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी. आम्ही पोरींना घेऊन लोंढ्यावरनं गेलो, ओवाळणी गाडीतच उरकली, पुतणीनं डब्यातल्या करंजीनं भावाला ओवाळलं. कोलंबियानं नायजेरियाला पेनल्टीवर हरवलं तेव्हा ती सीटवर उभी राहून ओरडत होती आणि परत येताना खानापूरपर्यंत एकच विषय, आपल्याला असले शूज कुठं मिळतील.

त्यानंतर आमच्याकडं मैदानावर पोरी दिसायला लागल्या. पण दिसतात त्या कोपऱ्यात, बॅग ठेवून गोलपोस्ट करून, कारण मोठे गोलपोस्ट मुलांच्या प्रॅक्टिसला. आणि सीमाभागाची जुनी गंमत इथं पण आहेच. कोल्हापूर ११० किलोमीटर, तिथं फुटबॉल म्हणजे पेठांची इज्जत, गोवा पण तेवढंच जवळ, पण दोन्ही परराज्य. पोरगी तालुका, जिल्हा, विभाग करत वर चढली की पुढची वाट बेंगळुरूची, पाचशे किलोमीटर, रात्रभर बस. पुतणीचा एक कॉल लेटर कन्नडमधे आलेला, घरात कुणाला धड वाचता येईना, शेजारच्या अक्कांनी वाचून सांगितलं की रिपोर्टिंग आदल्या दिवशी आहे. बस तशीच धावत पकडली.

२९ जुलै २०२५ ला ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या स्पर्धेचा ड्रॉ निघाला. आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि तैवान. ग्रुपवर सगळे जपानचं टेन्शन घेत बसले होते. काकांचा मेसेज आला दोनच शब्दांचा: "परत हेच?"