ओहानियान, ओव्हानेस

ओहानियान, ओव्हानेस : (सु. १९००–सु. १९६०). इराणी-आर्मेनियन चित्रपट दिग्दर्शक, नट व अभिनयशिक्षक. जन्मवर्षाबाबत एकमत नाही. मॉस्को येथे चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन ते १९२९ च्या सुमारास तेहरानला आले. शहरात चित्रपटगृहे होती. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहू शकतील असे नट नव्हते. म्हणून त्यांनी १९३० मध्ये आधी अभिनयशाळा काढली आणि विद्यार्थ्यांनाच घेऊन ‘आबी व राबी’ हा मूकपट केला. उंच व बुटक्या जोडीचा हा विनोदी पट ‘पाट आणि पाटाशोन’ या डॅनिश जोडगोळीच्या धर्तीवर होता. छायालेखन खान बाबा मोतझेदी यांचे.

या चित्रपटाचे साल कुठे १९३०, तर कुठे १९३१ असे आढळते. इराणी सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होते, त्यामुळे १३०९ या एकाच वर्षात दोन्ही इसवी सने येतात. पहिला खेळ ‘दे’ या इराणी महिन्याच्या १२ तारखेला, १३०९ मध्ये, म्हणजे २ जानेवारी १९३१ ला, तेहरानच्या मायाक चित्रपटगृहात झाला. तेव्हा निर्मिती १९३० व प्रदर्शन १९३१ असे मानणे सयुक्तिक. पुढे त्याच चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत त्याची एकुलती प्रत जळाली. त्याला ‘पहिला इराणी चित्रपट’ म्हणण्याची प्रथा आहे, पण दरबारी छायाचित्रकाराने १९०० मध्येच चलच्चित्रण केले होते. त्यामुळे ‘पहिला इराणी कथापट’ हे अधिक नेमके.

‘हाजी आगा, सिनेमानट’ (१३१२, इ. स. १९३३-३४) या दुसऱ्या मूकपटात दिग्दर्शकाची भूमिका त्यांनी स्वतःच केली. या दिग्दर्शकाला विषय सापडत नसतो. सिनेमाचा तिटकारा असलेल्या हाजीचे घड्याळ हरवते, नोकरावर संशय येतो, शोधाची पळापळ सुरू होते आणि ती सगळी चोरून चित्रित केली जाते. शेवटी पडद्यावर स्वतःलाच पाहून हाजी खूश होतो. हाजीच्या मुलीचे काम आर्मेनियन अभिनेत्री आसिया कोस्तानियान यांनी केले. मुस्लिम स्त्रिया तेव्हा पडद्यावर येण्यास सहसा धजत नसत.

चित्रपट चालला नाही. त्याच वर्षी मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनीत तयार झालेला ‘दुख्तर-ए-लोर’ हा फार्सी बोलपट तेहरानमध्ये गाजत होता. दिग्दर्शक होते पुण्यात जन्मलेले, ‘आलम आरा’कार अर्देशिर इराणी, लेखक व नायक अब्दुलहुसेन सेपंता. बोलपटापुढे मूकपटाचा निभाव लागणे कठीणच होते. तरी काही इतिहासकार अपयशाचे खापर केवळ ध्वनीवर फोडतात, ते अपुरे वाटते. भांडवलाची चणचण आणि सिनेमाविषयीचा धार्मिक विरोध ही कारणेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत.

पुढे ते काही वर्षे भारतात, कोलकात्यात होते. १९४० च्या दशकात ते इराणला परतले. तेहरान येथे त्यांचे निधन झाले.