ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: ऑइलचा दोष आणि कूलरचा दोष कसा वेगळा ओळखावा

सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात वाहनांची रांग लागते, गाडी तासभर पाच-दहाच्या वेगाने चढण चढते, आणि लोणावळा जवळ येता येता तिची ओढ कमी होते. रेस वाढते, पण वेग वाढत नाही. अर्धा तास थांबल्यावर तीच गाडी निमूटपणे पुण्याला पोहोचते. दुसऱ्या एका गाडीची तक्रार वेगळ्या वेळेची असते: रात्रभर उभी राहिलेली ती गाडी सकाळी ‘डी’मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद हलतच नाही, मग झटक्याने गिअर पकडते, आणि थोडी चालल्यावर ठीक होते. दोन्ही मालक गॅरेजमध्ये जाऊन ‘गिअर स्लिप होतो’ एवढेच सांगतात आणि दोघांनाही बहुधा ‘ऑइल बदलून बघू’ असेच उत्तर मिळते. दुसऱ्या गाडीला त्याचा उपयोग होण्याची शक्यता बरीच आहे. पहिल्या गाडीला मात्र तात्पुरता आराम पडेल आणि काही महिन्यांत नवे ऑइलही जळेल.

हे विवेचन टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची शक्ती ऑइलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, असलेल्या गिअरबॉक्सबद्दल आहे. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत ‘ऑटोमॅटिक’ म्हणून जी एएमटी मिळते, तिच्यात मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडा क्लचच असतो, फक्त तो यंत्रणा आपोआप चालवते. तिथे घाटात तापतो तो क्लच, आणि त्याचे निदान निराळ्या वाटेने करावे लागते.

दोन्ही दोषांची गल्लत होते, कारण कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधले ऑइल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), एकाच वेळी अनेक कामे करते. ते क्लच दाबणारा दाब पोहोचवते, दातांना व बेअरिंगना वंगण देते, कन्व्हर्टरमधून इंजिनची शक्ती पुढे नेते आणि तयार झालेली उष्णता उचलून कूलरपर्यंत वाहून नेते. ऑइल कमी असेल तर दाब घटतो, क्लच घसरतो आणि घसरण्यातून उष्णता वाढते. कूलर काम करत नसेल तर ऑइल तापून पातळ होते, दाब टिकत नाही आणि क्लच घसरतो. शेवट एकच असल्याने शेवटाकडे पाहून सुरुवात ओळखता येत नाही. त्यासाठी तक्रार नेमकी केव्हा उद्भवते, हे आधी पाहावे लागते.

माझ्या मते या संपूर्ण निदानात सर्वांत मोलाची माहिती मालकाकडेच असते आणि ती त्याला क्वचितच विचारली जाते. ऑइल थंड असताना आकुंचन पावते आणि तापल्यावर फुगते, त्यामुळे पातळी थोडी कमी असलेल्या गाडीत सकाळची वेळ सर्वांत वाईट असते. शिवाय अशा गाडीचा दोष कलण्याशी बांधलेला असतो: तीव्र वळण घेताना, जोरात ब्रेक लावल्यावर किंवा पार्किंगचा उतार चढताना ऑइल चेंबरच्या एका बाजूला जाते, फिल्टर क्षणभर हवा ओढतो, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि गिअर सुटल्यासारखा वाटतो. कूलरच्या दोषाचे नाते वेळेशी आणि भाराशी असते. थंड गाडी निर्दोष चालते. चढण, रखडलेली वाहतूक, भरलेली गाडी आणि चालू एसी यांचा अर्धा-पाऊण तास झाला की तक्रार सुरू होते, आणि विश्रांतीनंतर नाहीशी होते. ऑइल फारच कमी असेल तर मात्र हा भेद पुसट होतो, कारण मग हवा मिसळून फेस होतो आणि गाडी थंड असो वा गरम, घसरतेच. रात्री उभ्या गाडीच्या कन्व्हर्टरमधले ऑइल खाली उतरणे किंवा आतील सील कडक होणे यांमुळेही सकाळचा विलंब होऊ शकतो. म्हणून या खुणेवरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

निकालासाठी पहिली तपासणी पातळीची, आणि ती जितकी सोपी वाटते तितकी नाही. डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची खुणांची पट्टी, असलेल्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स गरम आणि इंजिन चालू असताना पातळी पाहतात, पण काही कंपन्या इंजिन बंद करून पाहायला सांगतात. अलीकडच्या अनेक गाड्यांत डिपस्टिकच नसते; ठरलेल्या तापमानाला, पुष्कळ मॉडेलांत ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, इंजिन चालू ठेवून लेव्हलचा प्लग उघडावा लागतो आणि ऑइल बारीक धारेने ओघळू लागले की पातळी बरोबर समजावी लागते. हेच काम ८० अंशांना केले तर फुगलेले ऑइल नाहक बाहेर जाते आणि बरोबर भरलेली गाडी कमी ऑइलची होते. उलट जास्त ऑइल भरले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाळलेल्या ऑइलची लक्षणे हुबेहूब कमी ऑइलसारखीच असतात. तापमान न मोजता केलेल्या ‘टॉप-अप’ला मी म्हणूनच दुरुस्ती मानत नाही.

पातळी योग्य असूनही गाडी तापत असेल, तर कूलरकडे वळावे. तो रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो, किंवा समोर वेगळा असतो, किंवा गिअरबॉक्सलाच चिकटलेला कूलंटवर चालणारा छोटा ठोकळा असतो. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या कूलंटचे तापमान दाखवतो, गिअरबॉक्सचे नाही. तो मधोमध आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गाडीच्या संगणकातील माहिती वाचणारा स्कॅनर लावून ऑइलचे तापमान चालत्या गाडीत पाहावे. सामान्य वापरात ते साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राहते. १२० च्या पुढे रेंगाळणे ही धोक्याची खूण आहे. मग गाडी पूर्ण तापल्यावर कूलरच्या दोन्ही पाइपांचे तापमान मोजावे. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील, तर ऑइल वाहते आहे पण उष्णता सोडत नाही: पंखा बंद आहे, जाळीत चिखल-धूळ बसली आहे किंवा रेडिएटरच थकला आहे. जाणारा पाइप गरम आणि येणारा जवळजवळ गार असेल, तर प्रवाहच अडला आहे, आणि त्याचे कारण कूलरच्या बारीक नळ्यांत बसलेला क्लचचा चुरा किंवा अडकलेला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह असू शकते. जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा की परतीच्या पाइपातून वीस सेकंदांत सुमारे एक लिटर ऑइल यावे. कंपनीने आकडा दिला असेल तर अर्थात तोच धरावा. तिसरी शक्यताही विसरू नये. कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच, म्हणजे ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टरला थेट जोडून त्यातली घसरण थांबवणारा क्लच, लागत नसेल, ज्याची नोंद स्कॅनरवर बहुधा ‘पी०७४१’ या दोष-कोडने मिळते, तर ऑइल आणि कूलर दोन्ही उत्तम असूनही हमरस्त्यावर गिअरबॉक्स तापतो.

रंगावर आणि वासावर फार विसंबू नये. लाल ऑइल वापराने तपकिरी होतेच, काही ऑइले मुळात हिरवी असतात, आणि जळका वास उष्णता झाली एवढेच सांगतो, ती कुठून आली हे नाही. ‘आयुष्यभर बदलू नका’ असे सांगितले जाणारे ऑइलही थकते. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे यांदरम्यान बदल सुचवते.

एका बाबतीत मात्र रंग निर्णायक असतो. ऑइल गुलाबी आणि दुधाळ दिसले, तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २००५ ते २०१० च्या निस्सान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांत हा दोष गाजला होता. इथे कूलरचा दोष हाच ऑइलचा दोष होतो, आणि वेळ फार थोडा असतो, कारण कूलंटमधले पाणी व ग्लायकॉल क्लचच्या पट्ट्यांवरचे अस्तर आणि त्याचा गोंद सोडवतात. अशी गाडी सुरू न करता टो करून न्यावी, आणि रेडिएटर बदलण्याआधी नवे ऑइल भरू नये.