साडीचा रंग फोटोत बदलून घेताना: दुकानदार आणि विणकरांसाठी माहिती

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरून एकाच डिझाइनची साडी अनेक रंगांत उतरते. प्रत्येकीची घडी मोडून फोटो काढत बसण्यापेक्षा एकीचा नीट फोटो काढायचा आणि बाकीचे रंग फोटोशॉपमध्ये चढवायचे, हे काम आम्ही करून देतो. ते कुठं अडतं, एवढं आधी वाचून घ्या.

फोटोसाठी साडी कुठली?

मध्यम किंवा फिक्या रंगाची. काळ्या साडीवर ह्यूचा, म्हणजे रंगछटा बदलायचा, काटा कितीही फिरवा, काही होत नाही. तिथं फिरवायला रंगच नसतो. जबरदस्तीनं उजळवली तर कॅमेऱ्याचे दाणे वर येतात. पांढरी त्या मानानं सोपी: वर रंगाचा थर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालच्या छटा गडद होऊन दिसत राहतात असा) ठेवला की निऱ्यांची सावली तशीच राहते. फ्लॅश टाळा, चमकून पांढऱ्या पडलेल्या जागी रंग नीट बसत नाही.

सोनेरी जर हिरवी का पडते?

रंगचक्र ३६० अंशांचं. लाल ०, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. लाल साडी हिरवी करायला ह्यू १२० अंश सरकवतो. पण जरीचा सोनेरी साधारण ४५ वर असतो, तोही सरकून १६५ वर जातो आणि जर शेवाळल्यासारखी दिसते. म्हणून आधी अंगाचा मास्क (रंग तेवढ्याच भागावर बदलावा म्हणून आखलेली हद्द) करून काठ, पदर, बुट्टे वेगळे काढतो. मास्कची कड एखादा पिक्सेल मऊ ठेवतो, नाहीतर साडी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी वाटते. वेळ खातं ते हेच काम. बारीक बुट्ट्यांना जास्त पैसे पडतात ते यामुळं.

इरकलीत पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो. अंग बदललं तरी पारंपरिक लाल पदर लालच ठेवतो. वेगळा हवा तर आधी सांगा.

लिंबू रंगाची आमसुली नुसत्या ह्यूनं होत नाही, फिकट जांभळट होते. कर्व्हजनं (उजेड कमी-जास्त करायच्या साधनानं) मधला उजेड खाली ओढावा लागतो. मॉडेलच्या हनुवटीवर, दंडावर जुन्या रंगाची झाक उरते, तीही काढावी लागते. धूपछांव साडी मात्र शक्यतो आणू नका. ताणा एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या. दोन्ही एकदम सरकतात आणि मागावर कधी न निघालेला रंग तयार होतो.

आमच्याकडे देताना

फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला की फाइल दाबली जाते आणि काठाशी चौकटी उमटतात. हव्या त्या प्रत्येक रंगाच्या धाग्याची लड किंवा कापडाचा तुकडा द्या. 'मोरपंखी' म्हटलं की दहा जणांच्या डोळ्यांसमोर दहा रंग येतात.

कॅटलॉग छापायचा असेल तर तेही आधीच सांगा. राणी आणि मोरपंखी मोबाइलवर झळकतात, छपाईच्या चार शाईंत मंद पडतात. त्यासाठी वेगळी फाइल करून देतो. स्टॉकमध्ये नसलेला रंग फोटोत मागू नका, साडी परत तुमच्याच काउंटरवर येते.